शाई वाळली की पंडित

“ज्याच्याकडे मेघशृंग विद्यापीठाची पदवी नाही, त्याने उद्या सूर्यास्तापर्यंत राज्याची नोकरी सोडावी,” असा हुकूम राजा धैर्यधराने काढला आणि करंजपूरच्या शाळेतले दामोदर गुरुजी आपल्या पोथ्या बांधू लागले.

माळ्यांची, कुंभारांची, धनगरांची मुलं दाराशी गोळा होऊन बघत राहिली. ज्यांना कुणी शिकवत नव्हतं, त्यांना गुरुजी शिकवत. त्यांच्या जागी आता मकरंदपंतांचा मेहुणा येणार होता. त्याच्याकडे ‘सर्व शास्त्रे’ या विषयाची पदवी होती. एक दिवस तो वर्ग घेऊनही गेला होता. ‘मौन हेच श्रेष्ठ ज्ञान’ असं सांगून त्याने मुलांना गप्प बसवलं आणि दुपारभर घोरला.

मकरंदपंत हे राज्याचे विद्यासल्लागार. मेघशृंग म्हणे सात डोंगरांपलीकडे होतं. करंजपूरचं कुणी तिथे गेलेलं नव्हतं आणि जायची गरजही नव्हती. पंत पदवी घरपोच देत.

गुरुजींच्या शाळेत येसू नावाची माळ्याची मुलगी होती. ती पोथ्यांची गाठ सोडून म्हणाली, “गुरुजी, उद्यापर्यंत थांबा,” आणि थेट दरबारात गेली.

“महाराज, या मेघशृंगाच्या पदव्या खोट्या आहेत.”

राजा महाहट्टी. काढलेला हुकूम त्याने कधी मागे घेतल्याचं त्याच्या आईलाही आठवत नव्हतं.

“हे ठरवणारी तू कोण? मल्लाची परीक्षा मल्ल घेतो, वैद्याची वैद्य. मेघशृंगाची पदवी खोटी आहे, हे मेघशृंगाच्या पंडिताने सांगितलं तरच मी ऐकेन. असा पंडित उद्या सूर्यास्ताआधी आण, गुरुजी राहतील. नाही आणलास तर ते जातील आणि शाळेत तुलाही जागा नाही.”

दरबारातले पदवीधर मिशीत हसले. स्वतःच्या पदवीला खोटं म्हणणारा कोण सापडणार?

“आणते, महाराज,” येसू म्हणाली.

पंत त्या दिवशी परगावी पदव्या पोचवायला गेले होते. संध्याकाळी परतून ते झोपाळ्यावर टेकतात तोच येसू अंजिरांची टोपली घेऊन समोर उभी राहिली.

“कोणती पदवी हवी?” एक अंजीर उचलत पंतांनी विचारलं. “वैद्यकीला तीन टोपल्या, ज्योतिषाला दोन. व्याकरण एका टोपलीत होईल. त्याला गिऱ्हाईक नाही.”

“पदवीपरीक्षेची आहे का? म्हणजे कुठली पदवी खरी, कुठली खोटी, हे ठरवायची.”

“हा विषय आजवर कुणी मागितला नव्हता.”

“मग नसेल.”

“मागितला की असतो. पण तुला कशाला गं ती?”

“दरबारात तुमच्या पदव्यांविषयी बोलायचंय. माझ्याकडे पदवी नाही म्हणून महाराज ऐकूनच घेत नाहीत.”

पंत खूश झाले. आपल्या पदव्यांचे गोडवे गाणारं माणूस आपण होऊन आलं, आणि तेही अंजिरं घेऊन! त्यांनी लगेच बोरू उचलला.

“अभ्यास किती वर्षांचा, पंत?”

“बारा वर्षांचा.”

“आणि संपतो कधी?”

“शाई वाळली की.”

“हिचा निवाडा अंतिम मानावा, असंही लिहा.”

“लिहितो. वर सोनेरी शिक्का मारतो. तूही काय आठवण काढशील!”

दुसऱ्या दिवशी येसूने भर दरबारात ती पदवी उलगडली. “पंडित आणला आहे, महाराज. मीच ती.”

राजाने पंतांकडे पाहिलं. “पंत, ही पदवी खरी?”

“अगदी अस्सल, महाराज! शिक्का बघा. हिच्याइतकी विदुषी मेघशृंगात झाली नाही. हिचा शब्द अखेरचा समजावा.”

“मग ऐका माझा निवाडा,” येसू म्हणाली. “मेघशृंगाच्या सगळ्या पदव्या खोट्या आहेत.”

पंतांचा चेहरा उतरला. “महाराज, ही मुलगी कालपर्यंत पाटीवर गिरवत होती. हिची पदवी खोटी आहे!”

“दिली कुणी?” राजाने विचारलं.

पंतांनी मान खाली घातली. पदवीधरही आपापल्या पायांकडे बघू लागले.

“खरी मानलीत तर माझा निवाडा अखेरचा,” येसू म्हणाली. “खोटी मानलीत तर पंत खोट्या पदव्या देतात, हे त्यांनीच सांगितलं. आपल्याला जे सोयीचं पडेल ते धरा, महाराज.”

मग पंतांनी शेवटचा डाव टाकला. “महाराज, जरा विचार करा. सगळ्या खोट्या, तर वाढदिवसाला आपल्याला वाहिलेली ‘महानाविक’ ही पदवीसुद्धा खोटीच ठरणार!”

राजाच्या कपाळावर आठी चढली. समुद्र करंजपुरापासून महिनाभराच्या वाटेवर होता, पण राजा त्या पदवीची चौकट रोज सकाळी स्वतः पुसत असे.

“काय गं पोरी? माझीही खोटी?”

“त्याचा निवाडा मी कशाला करू, महाराज? पंतांनाच करू द्या. मोठ्या तळ्यात होडी सोडू. आपण वल्ही मारा, पंत आपल्या शेजारी बसतील.”

राजा पंतांकडे वळला. “बसाल?”

पंतांनी राजाकडे पाहिलं, खिडकीतून तळ्याकडे पाहिलं आणि घाम पुसला. “महाराज… मला पोहता येत नाही.”

“मलाही नाही!” राजा म्हणाला आणि असा खदखदून हसला की मुकुट घरंगळून प्रधानाच्या मांडीवर पडला.

हसू आवरल्यावर त्याने हुकूम फाडला. गुरुजी शाळेत राहिले आणि शाळेला नवं छप्पर मिळालं. पदवीधरांना तिथेच शिकायला पहिल्या रांगेत बसवण्यात आलं. पंतांची सल्लागारी मात्र कायम राहिली. रोज दारोदार फिरून, मुलांना शाळेत पाठवा, असा सल्ला द्यायचा.

“आणि तुला काय हवं?” राजाने येसूला विचारलं.

“मला दूरच्या एखाद्या खऱ्या विद्यापीठात शिकायला पाठवा.”

“किती वर्षांसाठी?”

“तिथले गुरू पुरे म्हणतील तोवर.”

“पाठवतो. माझा घोडा ने, सोबतीला शिपाई ने,” राजा पुन्हा हसत म्हणाला. “वाटेत नदी लागली तर मात्र नावाडी दुसरा बघ.”