राणी हेमलेखा आणि काळी उंदरीण

एका राज्यात सुवीर नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दानी होता. पण कितीही मिळाले तरी त्याला पुरे वाटत नसे. त्याची राणी हेमलेखा. ती थोडे बोले आणि हाती घेतलेले काम तडीस नेई.

एका साली राज्यात दुष्काळ पडला. तेव्हा राजा उत्तरेच्या डोंगरात भस्मकेतू मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकाच्या गुहेत करड्या मोत्यांनी भरलेली पेटी होती. त्यांतला एक मोती पेरला की शेतभर जोंधळा उभा राही.

मांत्रिक म्हणाला, "राजा, प्रजेला पुरतील एवढे ओंजळभर मोती घे. अधिक घेऊ नकोस."

राजाने ओंजळ भरली. मग त्याने पेटीकडे पाहिले. मग ओंजळ पेटीत रिकामी केली आणि पेटीच उचलून घोड्यावर घातली.

राजवाड्याच्या चौकात पेटी उघडली, तोच एकेका मोत्याचा एकेक उंदीर झाला. करड्या उंदरांचा लोंढा चौकातून कोठारात शिरला, कोठारातून शेतांत पसरला. राजाचे दोन्ही हात कोपरापर्यंत दगडाचे झाले. आणि वरून मांत्रिकाचा आवाज आला,

"हे हावेचे उंदीर आहेत. भुकेवाचून जो यांतला एक मारील, त्याच्यापुढे दहा उभे राहतील. यांत एक काळी उंदरीण आहे, ती या साऱ्यांची आई. निव्वळ भुकेपोटी तिला जो खाईल, तोच शाप मोडील. पण ज्या घराने हाव केली, त्या घरच्या डोळ्यांवाचून ती कोणाला दिसायची नाही."

शिपायांनी सोटे चालवले. एका उंदराचे दहा झाले. मांजरे सोडली, ती खेळाखेळात मारू लागली आणि उंदरांनी रस्ते भरून गेले. पेरणीचे बी संपत आले. घरोघरी मुले रिकाम्या ताटल्या चाटू लागली. राजा आपले दगडी हात मांडीवर ठेवून बसून राही आणि कोणाच्या नजरेला नजर देत नसे.

राणी म्हणाली, "महाराज, मी जाते."

"कुठे जाल?"

"भुकेपुरते मारून खाणारे कोण आहे, ते विचारायला."

नगराबाहेर मोठा माळ होता. माळावर एक वाळके झाड होते आणि झाडाच्या शेंड्यावर एक म्हातारी कापशी घार बसली होती. अंग पांढरे-राखी, खांद्यांवर काळे डाग, डोळे गुंजेसारखे लाल. राणीने खाली उभे राहून हात जोडले.

"आई, माझे राज्य उंदरांनी खाल्ले. मला तुझी विद्या दे."

कापशीने शेपूट वर-खाली हलवले. ती म्हणाली, "विद्या देईन, पण तीन गोष्टी साधाव्या लागतील. वाऱ्यात एका जागी उभे राहायचे. गवत न हलवता गवतातला जीव ओळखायचा. आणि पोट भरले की पंजा आवरायचा. पहिल्या दोन चुकल्या तर उपाशी राहशील. तिसरी चुकली तर जन्मभर पक्षीच राहशील. कबूल?"

"कबूल."

कापशीने एक पीस खाली टाकले. राणीने ते कपाळाला लावले, आणि राणीच्या जागी एक तरणी कापशी घार फांदीवर येऊन बसली.

पहिले काम वाऱ्याचे. राणी उडाली आणि हवेत थांबू गेली, तर वाऱ्याने तिला माळाच्या टोकाला नेऊन टाकले. ती परत आली, पुन्हा भिरकावली गेली. म्हातारी म्हणाली, "वाऱ्याशी भांडू नकोस. त्याच्याकडे तोंड कर." राणीने तोंड वाऱ्याकडे केले, पंख भराभर मारले, शेपूट पसरले, आणि दोर बांधून टांगल्यागत ती आभाळात एका जागी उभी राहिली.

दुसरे काम नजरेचे. वरून माळ नुसता पिवळा दिसे. राणी पाहत राहिली. हळूहळू गवताखालच्या वाटा दिसू लागल्या. उंदरांनी ये-जा करून पाडलेल्या, बोटभर रुंदीच्या. एका काडीवर नाकतोडा होता. पंख वर उभारून, पाय खाली सोडून ती अलगद उतरली आणि नाकतोडा पंजात आला. राणीला शिसारी आली. पण पोटात आग होती. तिने तो खाल्ला. पुढे दगडावरचा सरडा खाल्ला. मग करडा उंदीर धरला, फांदीवर नेला, फाडून खाल्ला. त्या एकाच्या जागी दहा उभे राहिले नाहीत. काही वेळाने तिने केसांची आणि हाडांची गोळी ओकून टाकली, तशी तिला हुशारी वाटली.

सकाळी आणि कलत्या उन्हात ती शिकार करी, भर उन्हात झाडावर बसे. चार जीव खाल्ले की दिवस निभावे. इतक्या थोडक्यात निभावते याचे तिला नवल वाटे. खाऊन झाल्यावर ती चोच फांदीला पुसे आणि जो जीव गेला त्याच्या जागेकडे क्षणभर पाही.

आणि एके दिवशी, पोट भरून ती फांदीवर बसली असताना, खालच्या वाटेवर काळी उंदरीण आली.

राणी झेपावली. उंदरीण पळाली नाही. मागच्या पायांवर बसून ती म्हणाली, "मार मला, राणी. तुझ्या राजाचे हात सुटतील. पोरांच्या ताटल्या भरतील. एवढी एक झडप, की झाले."

राणी तिच्यावर हातभर उंचीवर थांबली. नख्या उघडल्या होत्या. तिला घरोघरची मुले आठवली, राजाची खाली गेलेली मान आठवली. पण पोट तुडुंब होते. भुकेचा एक कणही अंगात नव्हता.

"आज नाही," राणी म्हणाली.

"आज सोडलेस तर पुन्हा दिसणार नाही."

राणीने नख्या मिटल्या, पंख मारले आणि वर गेली. ती फांदीवर येऊन बसली. म्हातारी कापशी नुसती शेजारी सरकून बसली.

त्या संध्याकाळी राणीने काही खाल्ले नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. नाकतोडे उडाले, सरडे पळाले. ती त्याच एका वाटेवर आभाळात उभी राहिली. उंदीर मळलेली वाट सोडीत नाही, हे ती आता जाणत होती. पंख जड झाले. डोळ्यांपुढे अंधारी आली. भूक पोटातून छातीत चढली. ऊन कलले, तेव्हा गवत हलले आणि काळी उंदरीण दबकत बाहेर आली.

आता राणीला राजा आठवला नाही, राज्य आठवले नाही. नुसती भूक होती. पंख वर उभारले, पाय सोडले आणि ती दगडासारखी खाली आली.

उंदरीण पोटात गेली, तोच राज्यातल्या साऱ्या उंदरांचे मोती झाले आणि जिथल्या तिथे मातीत रुजले. उजाडेपर्यंत जोंधळा कमरेइतका होऊन कणसांनी भरला. राजवाड्यात राजाने बोटे हलवली. माळावर राणी अनवाणी उभी होती, ओठ कोरडे, केस वाऱ्यावर सुटलेले.

"आई," ती झाडाकडे पाहून म्हणाली, "मी तुझ्या ऋणात आहे. तुला काय देऊ?"

"माळ नांगरू नका. वाळके झाड पाडू नका. माझे पोट मी भरीन."

राणीने तसा शब्द दिला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. राजाने जोंधळा आधी घरोघरी पोचवला आणि मगच आपले ताट मांडायला सांगितले. उंदरांनी कुरतडलेल्या कोठारांना पुन्हा दारे बसली.

घरोघरी जोंधळा पोचला, त्या दिवशी राजा-राणी शेजारी बसून जेवले. पहिला घास घेण्याआधी राणीने डोळे मिटून हात जोडले.

राजाने विचारले, "मांत्रिकाला नमस्कार केलात, की कापशीला?"

"कापशीला तर रोजच करते," राणी म्हणाली. "हा त्या नाकतोड्याला होता, त्या सरड्याला होता, त्या उंदरांना होता. त्यांच्या जिवावर मी परत आले."

मग राजानेही आपले हात जोडले, आणि दोघांनी भुकेपुरते खाल्ले.