चव्वेचाळीस विती

फार वर्षं झाली या गोष्टीला. जर्मनी देशातल्या एका डोंगराळ गावात वीगांड नावाचे एक मास्तर होते. सकाळी शाळेत पाढे शिकवायचे आणि दुपारी खांद्यावर लोखंडी साखळी टाकून गावच्या जमिनी मोजायचे. मास्तरांनी मोजलं की पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही, एवढा त्यांचा दबदबा.

त्या गावात एक रीत होती. चर्चच्या बाहेरच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या, बरोबर एका साखळीच्या अंतरावर. दर वसंतात मोजणीआधी साखळी त्या खुंट्यांना लावून पाहायची. मास्तर पहिली काही वर्षं नेमाने गेले, पुढे जाईनासे झाले. माझी साखळी मला ठाऊक नाही का, म्हणायचे. माणसाला मान मिळाला की असली खुंटी नकोशी होते, दुसरं काय!

मग ओढ्याकाठचं गावकुरण बारा घरांना वाटायचं ठरलं. प्रत्येकाला चार साखळ्या रुंदीचा पट्टा. चिठ्ठ्या टाकल्या. पहिला पट्टा गावप्रमुखाला गेला, अकरावा मास्तरांना, आणि अगदी ओढ्याला लागून असलेला बारावा ओटिली नावाच्या एका विधवेला. मास्तर पहिल्यापासून मोजत गेले आणि शेवटी ओटिलीला जमीन कमी पडली. जुन्या नकाशात तर पुरेपूर दाखवलेली! मास्तरांनी जरा डोकं खाजवलं आणि सांगून टाकलं, ओढ्याने खाल्ली.

मास्तर म्हणाले म्हणजे खरंच असणार. उरलेली तरी वाचावी म्हणून ओटिली कामाला लागली. रोजचं सूत कातून झालं की डोंगरातून हातगाडीभर दगड आणायची आणि काठाला बांध घालायची. अशी तीन वर्षं गेली. तिच्या हातांना घट्टे पडले.

चौथ्या वसंतात मास्तरांनी मुलांना मोजमाप शिकवायला चर्चपाशी नेलं. साखळी खुंट्यांना लावली, तर ती पोट सुटल्यासारखी मधेच लोंबायला लागली. मुलं खिदळली. मास्तरांनी ती झटकली, पुन्हा लावली, पुन्हा ताणली. साखळी चांगली वीतभर लांब भरत होती. वापरून वापरून प्रत्येक कडी झिजून जराशी लांबली होती, आणि शंभर कड्यांची मिळून ती वीत झाली होती.

मुलांना सुट्टी देऊन मास्तरांनी फळ्यावर गणित मांडलं. एका साखळीला एक वीत, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात चार विती जास्त गेल्या. असे पट्टे अकरा. अकरा चोक चव्वेचाळीस. ओटिलीला नेमकी तेवढीच जमीन कमी होती. मास्तर मुलांच्या बाकावर बसले.

घरी बायकोला सांगितलं तर ती बिचारी घाबरली. नाव गेलं की साखळी जाणार, उद्या पोरंसुद्धा पाढे खरे मानणार नाहीत. तिने सुचवलं, अहो, आपल्याच पट्ट्यातल्या चव्वेचाळीस विती तिला देऊन टाकू. नुकसान आपलं, पण बोभाटा तरी नाही. मास्तरांना ते पटलं. खरं सांगतो, पटलं. उदार म्हणून नाव होणार आणि चूकही झाकणार, कुणाला नको असतं?

तेच सांगायला ते ओढ्यावर गेले. ओटिली एक दगड छातीशी धरून उतरत होती. दगड जागेवर बसवून तिने हात झटकले आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, की यंदाही ओढ्याने बोटभर जमीन नेली नाही, बांध टिकला. मास्तरांच्या मनात आलं: जमीन देता येईल, पण ही तीन वर्षं?

"ओढ्याने काही खाल्लं नव्हतं, बाई," ते म्हणाले. "मी खाल्लं. माझी साखळी चुकली."

ओटिलीने बांधाकडे पाहिलं. "तीन वर्षं मी या ओढ्याला शिव्या घातल्या, मास्तर," ती म्हणाली. "आता गावाला कोण सांगणार?"

"मीच सांगणार."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर मास्तरांनी सगळ्यांदेखत साखळी खुंट्यांना लावली. ते लोंबतं पोट अख्ख्या गावाने पाहिलं. चूक ओढ्याची नाही, माझी, आता प्रत्येकाची हद्द सरकवावी लागेल, असं मास्तरांनी सांगितलं. गावप्रमुख भडकला, कारण त्याने हद्दीवर फळझाडं लावली होती. "ओढ्यावर ढकलून झालंय ना? ओढा काही तक्रार करत नाही," तो म्हणाला. हद्दीचा एकही दगड हलवणार नाही, असं बजावून त्याने मास्तरांची साखळी काढून घेतली.

साखळी गेली, पण विती मोजायला हात होता. मास्तरांनी त्याच दुपारी आपला हद्दीचा दगड उपटला आणि चव्वेचाळीस विती आत, स्वतःच्या पट्ट्यात रोवला. मग दहाव्या पट्ट्याच्या शेतकऱ्याच्या दारात उभे राहिले. मला तुमच्याकडून चाळीस हव्यात, म्हणाले. त्यातल्या छत्तीस तुम्हाला पलीकडच्या शेजाऱ्याकडून मिळतील, पदरच्या जातील त्या फक्त चार. त्याने दार लावून घेतलं. मास्तर दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, आठवडाभर जात राहिले. शेवटी तो वैतागून पहार घेऊन निघाला. दगड हलला, त्याला जमीन कमी पडली, आणि मग तोच आपल्या शेजाऱ्याच्या मागे लागला. असं एकेक दार करत उन्हाळा सरला.

उरला गावप्रमुख. त्याच्याही चारच विती जायच्या होत्या, पण तो महिनाभर हटून बसला.

एका सकाळी ओटिली हातगाडी ढकलत त्याच्या फाटकाशी आली. बांधातला सगळ्यात मोठा दगड तिने खाली उतरवला.

"हा ओढ्याला कधीच नको होता," ती म्हणाली. "तुमच्या हद्दीला लागेल."

आणि ती तिथेच उभी राहिली. गावप्रमुखाने दगडाकडे पाहिलं, मग तिच्या हातांवरच्या घट्ट्यांकडे पाहिलं. तो आत गेला आणि कुदळ घेऊन बाहेर आला. झाडं त्याने स्वतः खणून चार विती आत लावली.

पुढच्या वसंतात गावाने मास्तरांना बोलावून साखळी परत दिली. लोहाराने तिच्या कड्या नीट करून दिल्या होत्या. मास्तर आधी चर्चपाशी गेले. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं ओटिलीने, आणि साखळी खुंट्यांत ताठ बसली. मग कुरणाकडे जाताना मास्तर ओढ्यापाशी थांबले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. माफी त्याचीही मागायची राहिली होती.

तात्पर्य एवढंच घ्या: चुकीची भरपाई करणं हे निम्मंच काम, ती ज्याच्या माथी मारली, त्याला चारचौघांत मोकळं केल्याशिवाय ती चूक फिटत नाही.