बांधावरची पाटी

तात्यासाहेब खर्डेकरांचा मका जांभळा पडला, तशी त्यांनी बांधावर खडूनं लिहिलेली पाटी ठोकली, ‘हे पीक द्वारका ढेपेनं बिघडवलं.’ बियाणं द्वारकाबाईंच्या दुकानातलं होतं. दुकानाकडे कुणी फिरकेना, तेव्हा बाई तडक शेतावर आल्या. “बियाण्याचा दोष नाही. पानं जांभळी पडली म्हणजे पिकाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळत नाहीये,” त्या म्हणाल्या.

तात्या चारचौघांत गरजले, “स्फुरद पोत्यांनी ओतलंय मी! आणखी चिमूटभरही न घालता हाच मका हिरवा करून दाखव!”

तात्या मक्याला महागडं नायट्रेट खत घालत होते. बाईंनी दोन ओळींपुरतं ते बंद केलं आणि त्याऐवजी अमोनियम सल्फेट हे खत दिलं. काही दिवसांनी त्या ओळींची नवी पानं हिरवीगार निघाली.

तात्यांनी वाकून एक पान उलटून पाहिलं. “हे कसं काय?”

“तुमची जमीन चुनखडीची, तिच्यात स्फुरद अडकून बसतं. अमोनियम दिलं की मुळाजवळची माती आंबटते आणि ते सुटतं, चिंचेनं तांब्याचे डाग सुटतात तसं. नायट्रेटनं उलटंच होतं.”

लोक हसले. तात्यांची मान खाली गेली. “पाटी काढतो,” ते पुटपुटले.

“कशाला? मजकूर बरोबर आहे, तात्या. फक्त नाव बदला.”

तात्यांनी बाईंचं नाव पुसलं आणि तिथे स्वतःचं लिहायला खडू हातात धरून तसेच उभे राहिले. आता कुणीच हसत नव्हतं.