गाडीवरचं घर आणि चौदा मणांचा आख

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा बैल माणसांशी बोलत आणि माणसं ते ऐकूनही घेत, तेव्हा एका गावात हैबतराव नावाचा माणूस राहायचा. खाऊनपिऊन सुखी, पण मनात संशयाचा कीडा. लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. हा बाबा न पोळताच पाणीसुद्धा फुंकून प्यायचा!

एके दिवशी घाटापलीकडून त्याच्या लेकीचा, मैनाचा, निरोप आला. "आई, मला आठवा सरत आला. आधीची दोन हाती लागली नाहीत. वैद्य प्रवास नको म्हणतात, तेव्हा तूच ये. तुझ्या हातांनीच होऊ दे."

मैनाची आई सारजा पंचक्रोशीतली नावाजलेली सुईण. तिने लगेच लुगडी गाठोड्यात बांधली. वाट चार दिवसांची होती.

हैबतराव म्हणाला, "वाटेत झोपायचं कुठे? धर्मशाळेत? तिथे माणूस पागोटं घालून झोपतो आणि बोडका उठतो."

मग त्याने काय केलं? गाडीवर ठेवायला चक्क एक लाकडी खोलीच विकत घेतली. दार, खिडकी, छप्पर, सगळं त्यात. ती बसवायला मालू सुताराकडे गेला.

मालूने गाडीखाली वाकून दोन चाकांना जोडणारा आख हाताने चाचपला. म्हणाला, "हैबतराव, हा आख चौदा मण पेलेल. खोली रिकामीच नऊ मणांची. तुम्ही दोघं मिळून तीन मण. उरले दोन. त्यात दाणे, अंथरूण आणि पाण्याची एक घागर. बास. वर एक शेरही नको, पुढे घाट आहे."

हैबतराव मान डोलावून घरी आला. पण डोक्यात चक्र सुरू झालं. चौदाच का सांगितले? उद्या काही मोडलं तर आपल्यावर येऊ नये म्हणून हा कमीच सांगणार. नाहीतर जाड आख गळ्यात मारायचा असेल. कुठेतरी पाणी मुरतंय! चौदा म्हणतोय म्हणजे वीस नक्की पेलेल.

आणि त्याने सामान भरायला घेतलं. वाटेतल्या विहिरीत कुणी काय टाकलं असेल, म्हणून पाण्याचे चार रांजण. वाटेतले वाणी मापात मारतात, म्हणून दाण्यांची दोन पोती. परक्या जात्यावर पीठ बदलतात, म्हणून घरचं जातं. चोरांसाठी खिडकीला लोखंडी गज, दाराला साखळदंड आणि पाच कुलुपं.

सारजा म्हणाली, "अहो, मालूभावजी काय म्हणाले होते?"

"तुला बरा त्याचा पुळका!"

बिचारीने आपलं गाठोडं गाडीत ठेवलं. तिला भांडायचं नव्हतं, लेकीकडे पोचायचं होतं.

गाव ओलांडायच्या आतच चांद्या बैल म्हणाला, "मालक, जू मानेत रुततंय. थोडं उतरवा."

"कामचुकार! कडबा खाताना बरी मान दुखत नाही," हैबतराव म्हणाला. चांद्याने जोडीच्या मोऱ्याकडे पाहिलं, मोऱ्याने चांद्याकडे, आणि दोघं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. पहिल्याच वळणावर कडाड् आवाज झाला. आखाचे दोन तुकडे पडले आणि खोली रस्त्यावर कलंडली. नशीब, दोघंही तेव्हा पायी चालत होती.

सारजाने कपाळाला हात लावला, पण क्षणभरच. तिने गाठोडं उचलून चांद्याच्या पाठीवर टाकलं. "चला, चालत जाऊ. पोर वाट बघतेय."

"आणि हे सगळं?"

"राहू दे की इथेच!"

"म्हणजे चोरांनी न्यावं? अगं, तुला काही कळतं का?"

सारजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कळतं. माझी दोन नातवंडं गेलीत. तिसरं मी जाऊ देणार नाही," ती म्हणाली आणि चांद्याला घेऊन घाट चढू लागली. हैबतरावाच्या मनात आलं, ही एवढ्या घाईने चाललीय, ती खरंच लेकीकडेच ना?

तो तिथेच राखण करत बसला. दुपारी रिकामे बैल घेऊन काही लमाण आले. "दादा, पलीकडे पोचवू का सामान? पैसा नको," म्हणाले. फुकट मदत कोण करतं? हैबतरावाने त्यांना हाकलून दिलं.

बाराव्या दिवशी एक वाटसरू ओरडत आला, "हैबतराव तुम्हीच ना? मुलगी झाली! आडवी होती, पण सारजाबाईंनी हातांनी फिरवली. दोघी सुखरूप आहेत. परवा बारसं आहे, चला माझ्याबरोबर!"

हैबतरावाचे डोळे भरून आले. तो उठलासुद्धा. मग थबकला. ह्याला माझं नाव कसं कळलं? मी इथून हलावं, हाच डाव नसेल ना?

तो परत खाली बसला.

पुढे पाऊस लागला आणि घाट चार महिने बंद झाला. पोत्यांतल्या दाण्यांना कीड लागली, कुलुपं गंजली. चोर मात्र एकही आला नाही, आणि राखण्यासारखं काही उरलंही नाही. वाट मोकळी झाली, तेव्हा मोऱ्याची दोरी धरून हैबतराव रिकाम्या हाताने लेकीच्या दारात पोचला.

सारजाच्या मांडीवर नात होती. काळेभोर डोळे, गालावर तीट. हैबतरावाने दोन्ही हात पुढे केले.

नातीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कपाळाला आठी घातली, तोंड फिरवलं आणि आजीच्या पदरात शिरली.

"ओळख नाही हो तिला तुमची," सारजा म्हणाली.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: साऱ्या जगावर संशय घेण्याआधी माणसाने स्वतःचं ओझं एकदा तोलून बघावं.