पोवळी आणि ब्राँझची कोळीण

निळ्याशार समुद्राच्या काठी मोतीबंदर नावाचं एक शहर होतं. सकाळी तिथल्या होड्यांची शिडं गुलाबी दिसायची, दुपारी पाण्यावर चांदीचा चुरा सांडायचा आणि संध्याकाळी सगळं बंदर केशरी होऊन जायचं. त्या बंदराच्या अगदी टोकाला, गळक्या कौलांच्या इवल्याशा घरात आठ वर्षांची पोवळी तिच्या आयेबरोबर राहायची.

पोवळीचे बाबा होडी घेऊन गेले ते वादळातून परतलेच नाहीत. तेव्हापासून आये, म्हणजे चांगुणा, मासळी विकून घर चालवायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत चमचमणारी मांदेली. बंदरावरच्या उंडीच्या झाडाखाली बसून ती हाक द्यायची, “म्हावरं आलं गो, ताजं ताजं म्हावरं!” तिचा आवाज इतका गोड आणि खणखणीत होता, की वरच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून खाली यायच्या.

पण एक दिवस शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवलं, की बंदरावर बाग करायची आणि बागेत कोळ्यांच्या मानाचा मोठ्ठा पुतळा उभारायचा. जागेसाठी उंडीचं झाड तोडलं. झाडाखालच्या बायकांना उठवलं. पुतळा मात्र खरंच सुंदर झाला. सोनेरी-तपकिरी ब्राँझचा एक कोळी जाळं ओढत होता, पायाशी ब्राँझचे मासे उसळत होते आणि शेजारी पाटी घेतलेली कोळीण तोंड उघडून हाक देत होती. तिच्या नाकातल्या नथीवर उन्हाचा थेंब लखलखायचा. बागेच्या दाराशी फलक लावला होता : आत मासळी आणू नये.

आता आये गल्लोगल्ली फिरायची. तिच्या टाचांना भेगा पडल्या. संध्याकाळी पाटी अर्धी भरलेलीच परत यायची आणि दोघी मीठ घातलेली पेज पिऊन झोपायच्या. पोवळी आयेचे पाय कोमट पाण्यात धुऊन द्यायची. आपल्या वाटची अर्धी भाकरी लंगड्या मांजरीला घालायची. फार मायाळू पोर होती ती. पण तिच्याच हातून एक दिवस ते घडलं.

शाळेच्या बाईंनी मुलांना पुतळा दाखवायला नेलं होतं. “किती छान कोळीण!” मुलं म्हणत होती. तेवढ्यात कुंपणाबाहेरच्या रस्त्यानं आये आली. घामानं भिजलेली, लुगड्यावर खवले चिकटलेले. पोवळीला पाहताच ती हसली आणि तिनं हात हलवला.

पोवळीच्या शेजारी उभ्या मृदुलानं नाक दाबलं. “शी! केवढा वास! पोवळे, तुझी आई का गं ती?”

पोवळीचे कान गरम झाले. “नाही,” ती पटकन म्हणाली. “मी नाही ओळखत.”

आयेचा हलता हात हवेतच थांबला. मग तिनं तो पाटीला लावला आणि खाली मान घालून ती पुढे निघून गेली.

रात्री आये रागावली नाही. रोजच्यासारखं वाढलं, रोजच्यासारखं पांघरूण घातलं. पण दुसऱ्या दिवसापासून तिची हाक बंद झाली. ती मुकाट्यानं गल्ल्या फिरायची. ती आली कधी नि गेली कधी, कुणाला कळायचंच नाही. पाटी आता जवळजवळ भरलेलीच परत येऊ लागली.  ‘माझं चुकलं’ म्हणायला पोवळी तोंड उघडायची, पण ‘पाणी देऊ?’ एवढंच विचारायची.

रविवारी दुपारी ती एकटीच बागेत गेली. ब्राँझच्या कोळणीच्या गालावर कावळ्यांची घाण पडली होती. पोवळीनं चौथऱ्यावर चढून ओल्या फडक्यानं तो गाल पुसला. इतक्यात कुठून तरी किणकिण आवाज आला.

ब्राँझच्या जाळ्यात पतंगाचा मांजा गुंतला होता आणि मांजात अडकली होती एक इवलीशी परी! अंगठ्याएवढी उंच. पापलेटाच्या खवल्यांसारखे रुपेरी पंख, त्यांच्यावर निळी-जांभळी झाक, आणि केसांत शेवाळाचा हिरवा तुरा.

“हलू नकोस हं, छोटुकले,” पोवळी म्हणाली. मांजानं तिची बोटं कापली, रक्त आलं, पण शेवटचा वेढा सुटेपर्यंत ती थांबली नाही.

परीनं पंख झटकले, तशी भोवती चांदणचुरी उडाली. “मी खवलपरी. दर्याकाठच्या बायांची राखण करते,” ती म्हणाली. तिनं पोवळीच्या तळहातावर तीन चमकते खवले ठेवले. “हे घे, तीन इच्छा. पण नियम नीट ऐक. सूर्य पाण्याला टेकायच्या आत मागायचं. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि माणसाच्या मनाला नि बोलून गेलेल्या शब्दाला माझी जादू लागत नाही.”

पोवळीनं सगळं ऐकलं. तरीही तिनं पहिला खवला मुठीत घट्ट धरला. “मी बोलले ते परत घेऊ दे,” ती रडत म्हणाली. “‘ओळखत नाही’ म्हटलं ते. आयेच्या कानातून काढून टाक ना गं!”

मूठ उघडली तर खवला कोळशासारखा काळा पडला होता.

परीचे डोळे भरून आले. “सांगितलं होतं ना, राणी. तसला शब्द धरायला माझ्याकडेही जाळं नाही.” मग तिनं ब्राँझच्या कोळणीकडे बोट दाखवलं. “नीट बघ तिच्याकडे. झाड तोडायच्या आधी मूर्तिकार सात दिवस उंडीखाली बसून एका बाईचा चेहरा काढत होता. हनुवटीवरची ती खाच दिसते?”

पोवळीनं पाहिलं. माशाच्या काट्यानं पडलेली खाच. आयेच्या हनुवटीवरची. अख्खं शहर ज्या कोळणीला छान म्हणत होतं, ती तिचीच आये होती. आणि आयेनं हे कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. पोवळी ब्राँझच्या पायांना मिठी मारून खूप रडली.

मग तिनं डोळे पुसले, दुसरा खवला मुठीत धरला आणि म्हणाली, “सगळ्या बायांची सावली त्यांना परत मिळू दे.”

जमीन थरारली. पुतळ्याशेजारी पोपटी कोंब आला, कोंबाचं खोड झालं, खोडाला फांद्या फुटल्या, आणि बघता बघता तीच जुनी उंडी पांढऱ्याशुभ्र फुलांनी डवरून उभी राहिली! फुलांचा वास वाऱ्यावर बसून कोळीवाड्यात गेला. बाया पाट्या घेऊन धावत आल्या. बागेचा रखवालदार डोळे चोळत राहिला. “आता झाडच परत आलं,” तो म्हणाला, “तर त्याखालच्या बायांना कोण अडवणार?” आणि त्यानं दारावरचा फलक स्वतःच उतरवला.

सगळ्यांत शेवटी आये आली. कडेला बसली. इतर बाया हाका देत होत्या, हसत होत्या; आये गप्पच होती.

“परी, तिला बोलतं कर ना,” पोवळी कुजबुजली.

“मनाला जादू लागत नाही, पोवळे.”

“मग मला तरी धीर दे!”

“स्वतःसाठी मागायचं नाही,” परी हळूच म्हणाली. “सूर्य कलला बघ.”

बाग माणसांनी भरून गेली होती. मृदुलाही आली होती, आईवडिलांचा हात धरून.  तरी पोवळी चालत गेली, आयेजवळ बसली आणि पाटीतले मासे तिनं दोन्ही हातांत उचलले.

“म्हावरं आलं गो!” ती ओरडली. आवाज चिरकला. माणसं वळून बघू लागली. “ताजं ताजं म्हावरं! माझ्या आयेनं आणलंय! ही माझी आये! तो पुतळासुद्धा माझ्या आयेचाच आहे! मी त्या दिवशी खोटं बोलले!”

 मृदुलानं नाकाकडे नेलेला हात खाली घेतला.

 आयेनं पोवळीची कापलेली बोटं पाहिली, पदर फाडून चिंधी बांधली आणि मान वर करून हाक दिली, “म्हावरं आलं गो...” आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, जरासा फाटका होता. तरी वरच्या गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या.

सूर्य पाण्यापासून बोटभरच वर होता. पोवळीनं शेवटचा खवला मुठीत धरला. “या झाडाखाली बसणारी कुठलीच बाई भरलेली पाटी घेऊन घरी जाऊ नये,” ती म्हणाली.

खवला फुलासारखा उमलला. परी वर वर गेली, रुपेरी झाली, केशरी झाली, तिचा नुसता उजेडच उरला. तो उजेड झाडावर, पाट्यांवर, आयेच्या चेहऱ्यावर एकदा सांडला आणि समुद्रात विरून गेला.

त्या दिवसापासून त्या घरात पोटभर भात शिजू लागला. कौलं दुरुस्त झाली.

त्या पहिल्या संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन दोघी घरी जात होत्या, तेव्हा पोवळीनं विचारलं, “आये, तू मला माफ केलंस?”

“त्याच रात्री केलं, बाय माझी,” आये म्हणाली. “पण कानावर पडलं ते पडलं. ते जायला वेळ लागंल.”

ते पुरतं कधी गेलंच नाही. पुढे कित्येक वर्षं हाक देण्याआधी आये क्षणभर थांबायची आणि आजूबाजूला कोण आहे ते बघायची. तेवढ्या क्षणात पोवळीच्या छातीत कळ यायची. आणि तेवढ्याच क्षणात, आयेच्या आधी, पोवळी मोठ्यानं हाक देऊन टाकायची.