मोरीमागची केळ

आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापायचं, तेव्हाची गोष्ट. मथुराकाकूंच्या मोरीत राख आणि नारळाची शेंडी मिळून भांडी घासत. खरकटं पाणी पाटातून परसातल्या केळीकडे जाई. त्याच पाण्यावर केळ वाढली होती.

एके दिवशी मोरीत एक हिरवी बाटली आली. तिच्या पोटावर लिंबाचं चित्र होतं. तिच्यातल्या दोन थेंबांनी ढीगभर फेस झाला, भांडी लखलखली, आणि काकूंनी राखेचं मडकं कोपऱ्यात सरकवलं.

"भांडी छान निघाली," राख म्हणाली. "पण हे पाणी केळ पिते. तिला सोसेल का?"

"माझं काम मोरीपुरतं," बाटली म्हणाली. "भोकातून पलीकडे काय जातं, ते मी बघत नाही."

पाण्याला लिंबाचा वास होता, म्हणून केळ विश्वासाने प्यायली. हळूहळू तिची पानं कडेने करपली. मग तिच्या पायाशी उगवलेलं पिल्लू पिवळं पडलं. त्याला पिऊ नकोस म्हणावं, तर दुसरं पाणी नव्हतं.

"जमिनीत कसच राहिला नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी मडकं उचललं आणि सगळी राख बुंध्याशी ओतली.

"इतके दिवस कुठे होतीस?" केळीने विचारलं.

पिल्लू तोवर आडवं झालं होतं.

काकूंचे हात राखेने माखले होते. ते धुवायला त्या मोरीत गेल्या, आणि थोड्या वेळाने पाटातून फेस येताना दिसला.