आबांचा पलंग आणि पितळी आकडे

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. तिथले कडे मधाच्या पोळ्यांनी लगडलेले असत, आणि कड्यावरून दोर सोडून मध काढण्यात धोंडबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण एकदा दोर सटकला. धोंडबा खाली आले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

त्या दिवसापासून ते घरात जमिनीवर अंथरुणाला खिळून होते. मुलगा रायाजी आणि मुलगी सगुणा आपल्या आबांचं सगळं करत. एके सकाळी वैद्यबुवा आले, त्यांनी पाय चाचपला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“हाड जुळलं की!” ते म्हणाले. “पण जमिनीवरून उठायला गेले तर सगळा भार याच पायावर येईल. यांना गुडघ्याएवढा उंच पलंग हवा. काठावर बसतील, पाय टेकवतील आणि मग उभे राहतील. मात्र जपा हं. पुन्हा पडले, तर हे हाड जुळायचं नाही.”

“आबा उभे राहणार!” सगुणा ओरडलीच. रायाजीने तर अंगणात जाऊन उडीच मारली.

वादळात पडलेलं शिवणीचं एक झाड घरामागे वाळत पडलं होतं. बहीणभावांनी त्याच्या फळ्या काढल्या, रंधा मारला, चार जाडजूड पाय घडवले. अंगणभर भुसा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा गोड वास. आबा आतून हाका मारून विचारत, “झाला का रे? कुठवर आलंय?”

आणि मग सगुणाच्या लक्षात आलं. “दादा, आपलं दार किती अरुंद आहे! एवढा पलंग आत जाणार कसा?”

रायाजीने एकदा दाराकडे, एकदा फळ्यांकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली. “सुटा करायचा! जोड उघडले की फळ्या वेगळ्या, पाय वेगळे. एकेक आत न्यायचं आणि आत पुन्हा जोडायचं!”

दोघं धावतच बाजारात गेली. लोखंडवाल्याने दोन तऱ्हेचे जोड पुढ्यात मांडले. एक होते पितळी आकडे. एका पट्टीवर आकडे, दुसरीवर खाचा, आणि वर सुरेख वेलबुट्टी. अडकवले की काम झालं. दुसरे होते काळे, जाड, वीतभर लांबीचे लोखंडी बोल्ट. त्यांचे नट लाकडाच्या पोटात आडवे बसायचे, आणि बोल्ट पिळला की फळी पायाला घट्ट आवळून धरायची. पण त्यासाठी लाकडात दोन बाजूंनी भोकं पाडायची, आणि ती आत नेमकी एकमेकांना मिळायला हवीत.

“आकडेच घेऊ,” रायाजी म्हणाला. “बघ कसे चमकतात! उद्या सकाळी पलंग तयार. मी साऱ्या आळीला सांगून ठेवलंय, उद्या आबा उठणार म्हणून.”

सगुणाने आकड्याची पट्टी हातात फिरवली. “दादा, हे अगदी बारीक स्क्रूंवर धरणार. आबांचा भार पेलेल?”

“चार-चार आकडे आहेत की कोपऱ्यांना!”

“मग दोन्ही नेऊ या. लागले नाहीत तर बोल्ट परत आणून देऊ.” दुकानदार हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी आकड्यांनी जोडलेला पलंग आत उभा राहिला. काय देखणा दिसत होता! दारात, खिडकीत माणसांची दाटी. कोणी हलगी वाजवत होतं. वैद्यबुवाही आले. आबांनी लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले. “चल रे राया, उचल मला!”

“दादा, आधी आपण बसून बघू,” सगुणा हळूच म्हणाली.

“आता? एवढ्या लोकांसमोर?” रायाजी कुजबुजला. “आपल्याच कामावर आपला भरवसा नाही, असं म्हणतील ना!”

तो आबांना उचलायला वाकला. पण पलंग जोडताना कोपऱ्यातून ‘कर्र’ असा बारीक आवाज आला होता, तो त्याला आठवला. तेव्हा त्याने मनावर घेतलं नव्हतं. आता आबांचे वर केलेले हात बघून त्याने आपले हात मागे घेतले.

“थांबा आबा,” तो सरळ उभा राहत म्हणाला. “आधी मी.”

आणि तो धपकन पलंगावर बसला.

काडकन आवाज झाला. स्क्रू लाकडातून उपसून निघाले, फळी सुटली आणि रायाजी उताणा जमिनीवर! हलगी थांबली. खिडकीतून कोणीतरी फिदीफिदी हसलं. रायाजीचं तोंड लालबुंद झालं.

आबा मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होते. “लागलं का रे बाळा?” त्यांनी विचारलं. मग हळूहळू त्यांनाही हसू फुटलं. “माझ्या ऐवजी तू पडलास होय! चल ऊठ, नीट जोड आता. मी काही पळून जात नाही.”

ते ऐकलं आणि सगळ्यांनाच हुरूप आला. फळ्या पुन्हा अंगणात आल्या, सोबत ते काळे बोल्टही. रायाजीने भोकं पाडायचं गिरमिट धरलं, सगुणाने भोकाची दिशा धरली. पहिलं भोक तिरकं गेलं. “परत!” सगुणा म्हणाली. तो पाय त्यांनी उलटा केला आणि दुसऱ्या टोकाला नव्याने मोजून खूण केली. मग दोन भोकं आत मिळाली, बोल्ट नटमध्ये शिरला आणि सरसर आट्यांवर फिरू लागला, तशी दोघं एकदमच ओरडली, “बसला!”

पान्याने चारही कोपरे आवळता आवळता पाय आणि फळ्या अशा भिडल्या की मधे नखही जाईना.

“कोण बसणार?” रायाजीने आता स्वतःच सगळ्यांना विचारलं. गावातला थोराड पैलवान बसला. त्याच्याशेजारी कुंभारीण बसली. पोरांनी वर चढून धुडगूस घातला. शेवटी वैद्यबुवांनीही धोतर सावरून एक उडी मारली! पलंग कुरकुरला नाही की हलला नाही.

मग बोल्ट सोडले, एकेक तुकडा आत नेला, पुन्हा सगळं जोडलं. सगुणाने पाना घेऊन प्रत्येक बोल्ट परत एकदा आवळला. रायाजी त्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. आणि मगच दोघांनी आबांना उचलून काठावर बसवलं.

आबांचे तळवे जमिनीला टेकले. त्यांनी एका हाताने पलंगाची फळी घट्ट धरली, दुसऱ्या हाताने सगुणाचा खांदा. हळूहळू भार पायांवर आला, पाठ ताठ झाली, आणि आबा उभे राहिले.

बाहेर हलगी कडाडली. सगुणा हसता हसता रडू लागली. आबांनी उंचावरून साऱ्या खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाले, “अरे राया, तू माझ्यापेक्षा उंच कधी झालास?”

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपलं माणूस ज्यावर भार टाकणार आहे, त्यावर आधी आपण बसून बघावं, आणि शंका आली, तर चारचौघांसमोरही ‘थांबा’ म्हणायला लाजू नये.